दोन बोटं कमी

ॲम्युझमेंट पार्कची सहल ठरल्यापासून धवल रोज सकाळी बालवाडीतल्या लेकीला, ब्राह्मीला, दाराच्या चौकटीशी उभी करून तिची उंची मोजायचा. दूध, केळी, खारीक असा सगळा मारा चालू होता. तरी पेन्सिलीची खूण जागची हलेना.

“आरं, पोरगी हाय का पडवळ, रोज वाढायला?” त्याची आई राजमती म्हणाली.

“मोठ्या पाळण्याला साडेतीन फूट लागत्यात, आई. दोन बोटं कमी पडत्यात.”

“मग बसू देत न्हाईत व्हय तिला?”

“देत्यात की,” धवल पुन्हा पेन्सिल उचलत म्हणाला. “पण बापानं शेजारी बसायचं.”

ब्राह्मीनं गुपचूप टाचा उचलल्या. “आता मोजा, पप्पा. न्हाईच पुरलं तर तुमी डोळे मिटा, मी हात धरते.”