पापुद्रे सुटणाऱ्या नावा

"बाई, काच आणि राळ यांचा संसार मोडला, तर चूक कोणाची?"

बोग्नाने खरंच विचारलं! मागच्या बाकावर यागोदा आणि वांदा तोंडात मफलर कोंबून हसायला लागल्या. पैज त्यांचीच. शाळेत विद्यापीठातून शास्त्रज्ञ सावित्स्काबाई आल्यात, त्यांच्यासमोर हिची बोबडी वळणार, अशी दोघींची खात्री होती.

पण प्रश्न थट्टेचा नव्हताच. बोग्नाच्या बाबांच्या नावा कांद्यासारख्या सुटतात, हे तळ्याकाठच्या अख्ख्या ऑगुस्तुफ गावाला ठाऊक होतं. आधी आई-बाबा शिडं शिवायचे. शिडांना गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून काचेच्या धाग्याचं कापड राळेत भिजवून नावा करायला लागले. शेजाऱ्याकडे तेच कापड, तीच राळ, आणि नावा ठणठणीत! बाबांनी राळेला शिव्या घातल्या, तळ्याला घातल्या, शेजाऱ्याला तर घातल्याच. काल म्हणाले, "शनिवारी करायच्या नावेचेही पापुद्रे निघाले, की कारखान्याला कुलूप."

सावित्स्काबाई हसल्या नाहीत.

"दोघांचीही नाही. मधल्या माणसाला हाकलणाऱ्याची," त्या म्हणाल्या. "धागा बनतो त्या कारखान्यातच त्याच्यावर एक अगदी पातळ लेप चढवतात. त्याचा एक हात काचेला, एक राळेला. त्याच्यामुळे धाग्यालगतची राळ चिकटून बसते. लेप गेला, की दोघं आपापल्या वाटेने." मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे ते कापड धुतात की काय गं?"

बोग्नाने लाल, खाजणारे हात पाठीमागे लपवले. शिवणाऱ्यांच्या घरात कोरं कापड धुतल्याशिवाय कात्री लावतात होय?

ती धावतच घरी आली. बाबा ताटातल्या पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, नुसत्या चिवडत होते. ताटाशेजारी कुलूप, किल्लीसकट. आई गरम पाण्याचं घमेलं घेऊन दारातच उभी.

"आलीस? शनिवारच्या नावेचं कापड आलंय. हो पुढे. आणि हात खाजतात ही आळसाची सबब आज नको हं. तुझ्याइतकं लख्ख या गल्लीत कोणी धूत नाही."

बोग्नाने बाह्या सर्रकन मनगटापर्यंत खाली ओढल्या.

"बाबा, ते कुलूप उचला. आई, साबण खाली ठेव. मी ठरवलंय, आजपासून त्या कापडाला मी पाण्याचा थेंबही लावणार नाही. आणि या वेळी हा आळस नाही. विज्ञान आहे!"