एक मागे राहिलाय

अलेइदाबाईंनी वाटेवर बांबू आडवा टाकला, त्याला दिसेल असा लाल फडका बांधला आणि मुलांना दरडीला पाठ लावून उभं केलं.

“हात पोटावर. पाय आत. आणि आज कुणी हसायचं नाही.”

“बाई, तो खरंच येईल?”

“दर शनिवारी येतो. आजही येईल.”

जागा त्यांनी विचार करून निवडली होती. इथे वाट थोडी चढत होती, सायकलचा वेग आपोआप कमी व्हायचा. त्याला पाडायचं नव्हतं, थांबवायचं होतं. वळणामागे उद्यानाचा रखवालदार रुबिएल साखळी आणि कुलूप घेऊन लपला होता. “तुम्ही नुसती मान हलवा, बाई,” तो म्हणाला होता, “सायकल जप्तच समजा.”

या टेकडीच्या पायवाटेवर सायकली बंद होऊन वर्ष झालं होतं. त्यासाठी सह्या गोळा करत बाई दारोदार हिंडल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शनिवारी त्या लहान मुलांना इथे आणत, दरडीच्या बिळांत घरटं करणारे निळ्या शेपटीचे पक्षी दाखवायला. वाट अरुंद होती. एखादं मूल कधीतरी सायकलखाली येणार, ही धास्ती त्यांना झोपू देत नसे. शेवटी फलक लागला. सायकलवाले कुरकुरत खालच्या हमरस्त्यावर गेले आणि वाट मुलांची झाली.

मग गेल्या महिन्यात हा लाल हेल्मेटवाला उगवला. हनुवटीपर्यंत झाकलेलं तोंड, डोळ्यांवर चिखलाने माखलेला गॉगल. यायचा एकटाच, पण वरच्या वळणावरून ओरडायचा, “एक मागे राहिलाय!” सायकलवाल्यांची ही जुनी रीत. पुढच्याने वाटेवरच्या माणसाला सांगायचं, मागून अजून किती येताहेत, म्हणजे तो मध्ये येत नाही. मुलं बिचारी दरडीला चिकटून दुसऱ्याची वाट बघत राहायची. दुसरा कधीच यायचा नाही.

“त्याची चेन पडली असेल,” एकजण म्हणायचा.

“दर शनिवारी पडते का रे? त्याला डोकंच नाही, म्हणून वाट सापडत नाही.”

आधी बाईही हसल्या होत्या. पण गेल्या खेपेला त्या सायकलचं चाक घसरलं आणि लुसेलीच्या पायाला लागलं. तिच्या घोट्याला अजून पट्टी होती. नियम मोडतो, पोरांना जखमी करतो, वर थट्टाही करतो. आज त्याला सोडायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं.

“एक मागे राहिलाय!”

धुक्यातून हाक आली. ब्रेक किंचाळले. लाल फडका दिसताच त्याने पाय टेकवायची धडपड केली, पण सीट उंच होती. सायकलसकट तो कलंडलाच. रुबिएलने धावत येऊन हँडल पकडलं.

“सापडलात, राजे! उतरा आता खाली.”

“आणि दुसरा कुठाय?” बाईंचा आवाज चढला. “महिनाभर ही पोरं त्याची वाट बघताहेत. वेड्यात काढतोस त्यांना? काढ ते हेल्मेट. तोंड तरी बघू दे तुझं.”

त्याला हनुवटीखालचा पट्टा सुटेना. अखेर हेल्मेट निघालं आणि खालून पांढरे केस बाहेर आले.

“अय्या, पाववाले आजोबा!” मुलं ओरडली.

चौकातल्या बेकरीचे डॉन लिबार्दो. शाळा सुटल्यावर मुलांच्या हातावर गरम चीजचा पाव ठेवणारे.

बाईंनी आता सायकलकडे नीट बघितलं. दांडीवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं होतं. दुवान. ते नाव लिहायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

वाट खुली होती तेव्हा बापलेक जोडीने टेकडी उतरायचे. दुवान वाऱ्यासारखा पुढे. बाई दिसल्या की हसत ओरडायचा, “बाई, एक मागे राहिलाय! म्हातारा आहे, पण येतोय!” मग बऱ्याच वेळाने डॉन लिबार्दो धापा टाकत यायचे.

नाताळाच्या आधी हमरस्त्यावर उसाच्या ट्रकने दुवानला उडवलं. त्याच्या आत्म्यासाठी घरी नऊ रात्री प्रार्थना झाली. बाई नऊही रात्री गेल्या होत्या. तो हमरस्त्यावर का गेला होता, हे तिथे कुणीही बोललं नव्हतं.

“ही सायकल तुम्हाला झेपत नाही हो, डॉन लिबार्दो,” रुबिएल हळूच म्हणाला.

“नाही झेपत. पोराचे पाय माझ्याहून लांब होते.” त्यांची नजर लुसेलीच्या पट्टीवर गेली. “हे माझ्यामुळे?”

लुसेलीने मान डोलावली.

त्यांनी हँडल सोडलं. “घेऊन जा, रुबिएल.”

रुबिएलने साखळी हातात धरून बाईंकडे पाहिलं. मान हलवायची तेवढी बाकी होती. बाईंना ती हलवता येईना.

लुसेली अजून शिकवल्याप्रमाणे उभी होती. पाठ दरडीला, हात पोटावर. महिनाभर तिने वाट पाहिली होती, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“पण आजोबा, मागे कोण राहिलंय?”

डॉन लिबार्दोंनी एकदा वरच्या वळणाकडे बघितलं.

“मी, बाळा.”