कोपराच्या मापाचा वाफा

"मधे हात पोचत नाही हो," बायको म्हणाली आणि तिने खुरपं वाफ्याच्या कडेवर ठेवून दिलं. "जाऊ द्या. माझं काय अडलंय आता मातीवाचून."

म्हाताऱ्या सुताराचा चेहरा पडला. आठ दिवस शेजाऱ्याच्या पडवीत खपून त्याने हा वाफा केला होता आणि काल अंगणात आणून उभा केला होता. चार भक्कम पाय, त्यांवर जाड फळ्यांची पेटी, पाणी निथळायला तळाशी भोकं, आणि आत बारा घमेली माती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला खाली बसायची मनाई केली, तेव्हापासून तिने बागेचं नावच टाकलं होतं. कुंड्यासुद्धा शेजारी देऊन टाकल्या. तिला पुन्हा मातीत हात घालताना बघायचं, या एकाच ध्यासाने त्याने म्हातारपणी करवत हातात घेतली होती. आणि ती टाचा उचलून, खांदे कानांना लावून, जेमतेम कडेची माती उकरू शकली.

वाफा उंच झालाय हे मान्य करायला तो तयार नव्हता. उभ्याने करायच्या कामाची उंची तो नेहमी माणसाच्या कोपरावरून ठरवायचा. कोपराशी काठी धरायची, खाच पाडायची, आणि ती काठी जपून ठेवायची. टेप चुकेल, काठी चुकायची नाही. बायकोची काठी लग्नाच्या वर्षीची, तिचं स्वयंपाकाचं टेबल केलं तेव्हाची. वाफ्याचं तिला आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिला न मोजता त्याने तीच काठी काढली होती. आता तो तरातरा आत गेला आणि पुराव्याला ती घेऊन आला.

"उभी राहा बघू सरळ."

ती राहिली. खाच तिच्या कोपराच्या चांगली चार बोटं वर होती.

त्याने तिला आणखी सरळ व्हायला सांगितलं. याहून सरळ आता देवानेच केलं तर, असं ती म्हणाली. मग त्याने पायाने जमीन चाचपून पाहिली. कुठे खड्डा नव्हता. रोज समोर वावरणारी बायको कधी एवढीशी झाली, हे त्याला कळलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"काठीला बोल लावू नका," ती म्हणाली. "मीच खाली आलेय. आता मला ताणून बसवताय, की वाफ्याचे पाय कापताय?"

त्याला हसू फुटलं. शेजाऱ्याला हाक गेली. काल आपणच भरू लागलेली माती आज उपसायची म्हटल्यावर शेजाऱ्याने कपाळावर हात मारला, पण बारा घमेली निमूट उपसली. दोघांनी मिळून पेटी आडवी केली. सुताराने बायकोचं कोपर नव्याने मोजलं आणि पायांवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. तो करवत लावणार, तेवढ्यात ती जवळ आली.

"अजून दोन बोटं कापा."

"अगं, आत्ताच तर मोजलं."

"आत्ताचं मोजलंत," ती म्हणाली. "मला अजून दहा वर्षं इथे भाजी लावायचीय."