अनारशांचं अपील

अपिलाच्या खोलीत न्यायाधीश नव्हताच. घामात अफू सापडली म्हणून ज्या हुंगणाऱ्या यंत्राने विठोजीला कैद ठोठावली, तेच आता त्याचं अपील ऐकत होतं. यंत्राचं ओलं नाक लेकाच्या मानेवरून फिरताना पाहून गोदाक्कांनी नाकाला पदर लावला.

"शी! मेल्या, दिवाळीचे अनारसे खाल्लेत त्यानं. वर खसखस असते, ती अफूच्याच बोंडातली!" त्यांनी डबा त्या नाकाखाली आदळला.

यंत्राने हुंगलं. "आरोपी निर्दोष. गुन्हा खाऊ घालणाऱ्याचा. अनारसे कोणी केले?"

मागे उभ्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. अनारसे तिनेच केले होते.

"मी," गोदाक्का नाक मुरडत पुढे झाल्या. "हिचे तर तुपात पडले की विरघळतात."