दाराचा खेळ

“तू कशाला विणतेयस गं? हा क्रॉस घराच्या दारावर लावतात. हॉटेलचं दार काय तुझ्या बापाचं आहे?”

कॉर्मकच्या या प्रश्नावर टेबलाभोवतीची मुले हसली. साइव विणत राहिली. सात वर्षांच्या तिच्या बोटांना काम ठाऊक होते. एक लव्हाळे उभे धरायचे, दुसरे त्यावर दुमडायचे, सगळे एका कुशीवर वळवायचे, पुन्हा दुमडायचे. क्रॉसच्या मधोमध घट्ट चौकोन धरू लागला होता. घरमालकाने घर विकल्यापासून ती, तिची आई आणि धाकटा भाऊ बेघरांची तात्पुरती सोय केलेल्या शहरातल्या एका हॉटेलात एकाच पलंगावर झोपत.

“कॉर्मक, तोंडापेक्षा हात चालव,” शाळेच्या ब्रोनाबाई म्हणाल्या. “आणि ती कात्री ठेव खाली. ब्रिजिटचं लव्हाळं उपटायचं असतं, कापायचं नसतं.”

उद्या संत ब्रिजिटचा सण होता. तिचा क्रॉस दाराच्या आतल्या बाजूला लावला की त्या घराला वर्षभर आग आणि उपासमार शिवत नाही. विणकामाचा हा कार्यक्रम शाळेऐवजी शेजारी पूर्वी मास्तरांसाठी बांधलेल्या घरात ठेवला गेला, तो उगाच नव्हे. घर कित्येक वर्षे रिकामे होते. छप्पर शाबूत होते, चुलीचा धूर घरात कोंडत नव्हता. घर साइवच्या कुटुंबाला राहायला द्यायचे की तेथे ‘वारसा केंद्र’ उभारायचे, याचा निकाल सोमवारी कौन्सिलात लागायचा होता. नगरसेवक मॅलकी टिअर्नन वारशाच्या बाजूचे होते आणि बहुमत त्यांच्या बाजूचे होते. संस्कृती जतन करायची तर प्रथम तिच्यातून माणसे बाहेर काढावी लागतात, हे तत्त्व पुष्कळ विद्वानांना उतारवयात उमगते. टिअर्नन यांना ते उपजत होते. त्या कुटुंबाचा अर्ज त्यांनी वाचला होता. चेहरे पाहण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

ते आले ते फोटोग्राफरला घेऊनच. बरोबर हिरव्या प्लॅस्टिकच्या नळ्यांची खोकी होती.

“लव्हाळ्याने पोरांचे हात घाण होतात, बाई. यांचे क्रॉस करा. स्वच्छ काम.”

“आमच्याकडे साबण आहे, साहेब,” ब्रोनाबाई म्हणाल्या.

टिअर्नन मोठ्याने हसले. “बरं, मग दाराचा खेळ करू. फोटोला तेच बरं. ब्रिजिट कोण होणार?” त्यांची नजर टेबलावरून फिरली आणि थांबली. “ही! काय गोड चेहरा आहे! अगदी आपल्या मातीतला.”

बोट साइवकडे होते. कॉर्मकने तोंड उघडले. ब्रोनाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते मिटले.

दाराबाहेरून घरात घ्यायला विनवणारी ब्रिजिट होऊन साइव लव्हाळ्यांची पेंढी कवटाळून बाहेर पावसात गेली. दार लागले.

“आत सगळ्यांत वडील असेल त्याने उत्तर द्यायचं असतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच थोर, साहेब. वयाने म्हणतेय.”

टिअर्नन यांनी फरशीवर रुमाल पसरला, पॅन्ट सावरली आणि गुडघे टेकले. मुलांनीही टेकले.

बाहेरून बारीक आवाज आला. “गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिटला आत घ्या!”

“ये, ब्रिजिट, ये,” टिअर्नन म्हणाले. “तुझं अंथरूण घातलेलं आहे.”

रीत तीन वेळा विचारण्याची आहे. तिसऱ्या वेळी बाहेरचा आवाज थोडा कापला, आणि टिअर्नन यांचा अधिकच भरदार झाला. कॅमेरा लखलखला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“ये, ब्रिजिट, ये! हे घर तुझंच आहे. तुझं अंथरूण घातलेलं आहे!”

ब्रोनाबाईंनी दार उघडले. साइव उंबऱ्यावर उभी होती. केसांतून पाणी निथळत होते. आता ब्रिजिटने घराला आशीर्वाद द्यायचा असतो. साइव त्यातला एक शब्दही बोलली नाही. तिने पेंढी खाली ठेवली, ओले बूट काढले आणि भिंतीशी नीट जोडून ठेवले. मग गुडघ्यांवर बसलेल्या नगरसेवकांकडे तिने पाहिले.

“कुठल्या खोलीत?” तिने विचारले.