जावईबापूंची दुरुस्ती

आमच्या जावयाची ऐट अशी, की विजेचा शोध जणू याच्याच घरात लागला. आमचे हे गेल्यावर इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं मी चालवलं. आता याला किल्ल्या हव्यात. दुपारी लाईट गेली आणि दुकानातलाच इन्व्हर्टर चालेना.

म्हटलं, "एवढा चालू करून दाखवा, किल्ल्या तुमच्या."

तासभर त्याने सर्किट उचकटलं. बॅटरीची सुटलेली वायर मला खुर्चीतून दिसत होती. तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एकदम पंखा फिरला.

"बघा आई, बोर्ड गेला होता. केला दुरुस्त!"

मी रस्त्यापलीकडे पाहिलं.

"वा जावईबापू! समोरच्या सलूनमधला पंखाही तुम्हीच दुरुस्त केलात वाटतं. किल्ल्या माझ्याच कमरेला बऱ्या."