चारशे तेरावा अर्थ

"छापलेलं दाखवा, मिस पीकॉक. छापलेलं!" कोशाचे संपादक पार्गिटर साहेब यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचे वडील काय बोलायचे, ते कोशात नाही घालता येत. माझी आजी मांजराला बिशप म्हणायची. घालू का?"

विनिफ्रेड पीकॉकनं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. टेबलावर 'सेट' या एका शब्दाच्या चिठ्ठ्यांचे अकरा गठ्ठे पडले होते. जेली सेट होते, मोडलेलं हाड सेट करतात, सूर्य रोज सेट होतो. सापळा, घड्याळ, जेवणाचं टेबल, सगळं सेट. एवढासा शब्द, पण इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीला त्यानं दोन वर्षं पळता भुई थोडी केली होती. चारशे बारा अर्थ झाले होते. विनिफ्रेडला चारशे तेरावा हवा होता आणि नेमका तोच हाती लागत नव्हता.

तिच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात पाहुणा निघाला की घरातलं माणूस त्याच्याबरोबर वाटेत थोडं चालायचं. त्याला तिकडे सेट करणं म्हणत. सुट्टी संपली की वडील तिला स्टेशनवर पोचवायला यायचे. "चल, सेट करतो तुला," एवढंच म्हणायचे आणि तीन मैल मुकाट चालायचे. शेवटच्या खेपेला ते दम्यानं बेजार होते. "आज राहू द्या, मला उशीर होतोय," असं म्हणून ती एकटीच निघाली होती. ते टोपी हातात घेऊन फाटकाशी उभे राहिले. आठवलं की तिला अजून स्वतःचा राग यायचा. निदान त्यांचा शब्द तरी कोशात यावा, एवढीच तिची इच्छा होती.

पण कोशाची रीत कडक. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकं, वर्तमानपत्रं चाळत आणि एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. वर शब्द, मग तारीख, कुठे छापलं ते, आणि खाली वाक्य. छापील पुरावा नाही तर अर्थही नाही. खोऱ्यातल्या बायाबापड्यांनी हा शब्द जन्मभर वापरला, पण छापणार कोण, मेंढरं?

"पुढच्या शुक्रवारी बाराला पान छापखान्यात जाणार," साहेब म्हणाले. "पुढची आवृत्ती तुमची नातवंडं काढतील."

"नातवंडं व्हायला आधी या चिठ्ठ्यांतून सुटका व्हायला हवी ना, साहेब."

साहेब हसले. पण शुक्रवार काही हलला नाही.

तिची सगळी भिस्त एझ्रा मास्तरांवर होती. एझ्रा आल्डरसन, तिच्या गावच्या शाळेचे जुने मास्तर, सत्तरी उलटलेले. लहानपणी हाच शब्द वर्गात बोलली म्हणून त्यांनीच तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. "हे गावंढळ बोलणं शाळेबाहेर ठेवायचं!" निवृत्त झाल्यावर मात्र म्हातारबुवा कोशासाठी चिठ्ठ्या पाठवू लागले. चौदा हजार पाठवल्या, पण खाडाखोड म्हणून नाही.

उन्हाळ्यापासून ते हा अर्थ हुडकत होते. "विनी पोरी, पाद्रीबुवांची प्रवचनं झाली. काही नाही." "मेंढरांच्या लिलावाची पत्रकं झाली. काही नाही." मग एकदा विचारलं, "तुमच्याकडे पुस्तकच लागतं, की किरकोळ छापलेलंही चालतं?"

तिनं उलटटपाली कळवलं: "मास्तर, साबणाची जाहिरातसुद्धा चालते. खरीखुरी हवी, छापलेली हवी, बस."

त्यावर आलेलं उत्तर तिनं दहादा वाचलं. "मग सोय होईल. तुमची मुदत गाठता येईलसं वाटतं. डॉक्टरांचंही तेच मत आहे. तुला कोपऱ्यात उभं केलं ते अजून टोचतं, पोरी. त्याची भरपाई करायची आहे."

डॉक्टरांचा इथे काय संबंध? मग तिला आठवलं, डॉक्टरांच्या घरी जुन्या पुस्तकांची कपाटंच्या कपाटं होती. त्यातच काहीतरी सापडलं असणार.

शेवटचा आठवडा उजाडला. सोमवारचं टपाल कोरडं, मंगळवारचंही कोरडं. बुधवारी तिनं चिडूनच कार्ड टाकलं: "मास्तर, शुक्रवारी पान जातंय. आहात कुठे?" गुरुवारी तिचा चहा दोनदा गार झाला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठायची, पुन्हा बसायची.

"आला का तुमचा खोऱ्यातला अर्थ?" साहेबांनी टोमणा मारला.

"येईल. मास्तर बोलल्या शब्दाला जागतात."

शुक्रवारी अकरा वीसला पाकीट आलं. आत पत्र नव्हतंच. एकच चिठ्ठी, तिला टाचलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. चिठ्ठीवर मास्तरांचं ते गोल, शाळकरी अक्षर. फक्त तारीख दुसऱ्या शाईत आणि दुसऱ्याच कुणाच्या हातची, थरथरती. मास्तर आणि तारीख दुसऱ्याला लिहू देतील? तिच्या कपाळाला आठी पडली. पण घड्याळ पळत होतं. पुढचं न वाचताच ती धावत साहेबांच्या खोलीत शिरली.

"छापलेलं आहे, साहेब! कात्रणासकट!"

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि कात्रण चिठ्ठीशी ताडून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. टाक उचलून चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्यांनी '४१३' लिहिलं.

"बसा, मिस पीकॉक," ते हळूच म्हणाले आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

तारखेच्या जागी गेला शनिवार होता. त्याखाली खोऱ्यातल्या साप्ताहिकाचं नाव आणि मग मास्तरांच्या त्याच ठाम अक्षरात वाक्य:

'एझ्रा आल्डरसन, शाळामास्तर, राहत्या घरी शांतपणे वारले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मंगळवारी सकाळी दहाला त्यांना चर्चच्या फाटकापर्यंत सेट करावं, ही विनंती.'